एमडीच्या व्यसनावर औषध नाही म्हणतात, मग उपचार म्हणजे नेमकं काय करतात?

पाऊसवेडी
थेट प्रश्नच विचारते. बहिणीचा मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. एमडी म्हणजे मेफेड्रोन घेतो, हे गेल्या दिवाळीत घरात कळलं. मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं, तर ते म्हणाले, "दारूची किंवा गर्दची (ब्राउन शुगरची) ओढ कमी करायला औषधं आहेत, तशी याची गोळी नाही." बहीण आणि मेहुणे तिथेच खचले. मेहुण्यांचं म्हणणं, गोळीच नसेल तर दवाखान्याच्या फेऱ्या कशाला, त्यापेक्षा गावी नेऊन ठेवू. मला ते पटत नाही. काहीतरी उपचार असणारच, पण "समुपदेशन करू" यापलीकडे कोणी नीट उलगडून सांगत नाही. ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांनी लिहा. संस्कार कमी पडले वगैरे कृपा करून नको, बहीण हा धागा वाचणार आहे.

कोकणकन्या
वाचतेय. बहिणीला धीर द्या.

तात्या_सांगलीकर
मेहुण्यांचं बरोबर आहे. गावी न्यायचं, मोबाईल काढून घ्यायचा, शेतात राबवायचं. महिनाभर कोंडला की उतरते सगळी नशा. आमच्या वेळी ही थेरं नव्हती.

सुमेधा_नाशिक
तात्या, तुमच्या वेळी गर्द होती. ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्यात किती घरं गेली तिच्यात! पुलंच्या मदतीने आणि डॉ. अनिता व अनिल अवचटांच्या कष्टांनी १९८६ साली येरवड्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं, ते याच कारणाने. तेव्हाही लोक कोंडूनच ठेवत होते आणि दार उघडलं की मुलगा पुन्हा पुडीकडेच जात होता.

पाऊसवेडी, माझ्या धाकट्या दिराचं आम्ही सगळं पाहिलंय. सुरुवातीला काहीच कळलं नाही, कारण तोंडाला वास नाही, चाल अडखळत नाही. उलट घरात कधी नव्हे ते कामं करायचा, रात्री दोनला कपाट आवरायचा. मग दिवस दिवस झोपून राहायचा. गालाची आतली बाजू चावून चावून सोलली होती. आमटीचा घास घेतला की डोळ्यांत पाणी यायचं, म्हणून तो नुसता दहीभात मागायचा. सासूबाईंना वाटायचं, पित्त झालंय. पुढे दाराच्या फटीत टॉवेल कोंबायला लागला. खाली रिक्षा थांबली की दिवे बंद करायचा. "ते आलेत" म्हणायचा. कोण ते, हे त्यालाही सांगता यायचं नाही. ते दिवस आठवले की अजूनही पोटात कालवतं.

निवांत_डॉक्टर
मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, सरकारी रुग्णालयात काम करतो. जरा सविस्तर लिहितो.

पाऊसवेडी, डॉक्टरांनी सांगितलं ते खरं आहे, पण तुमच्यापर्यंत ते अर्धंच पोचलंय. अफू-गर्दसाठी ब्युप्रेनॉर्फिन आणि मेथाडोन आहेत. दारूसाठी नाल्ट्रेक्सोन, अ‍ॅकॅम्प्रोसेट, डायसल्फिराम आहेत. मेफेड्रोन, कोकेन, मेथअँफेटामाइन या उत्तेजकांसाठी तसं मान्यता मिळालेलं औषध अजून नाही. प्रयत्न झालेत. मेथअँफेटामाइनवर नाल्ट्रेक्सोनचं इंजेक्शन आणि बुप्रोपिऑनची गोळी एकत्र देऊन अमेरिकेत चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२१ साली आले. औषध घेणाऱ्या गटात १३.६ टक्के लोकांना गुण आला आणि नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत २.५ टक्क्यांना. फरक आहे, पण यावर सगळी भिस्त ठेवता येत नाही.

म्हणून उपचार नाहीत असं अजिबात नाही. आधी हे व्यसन कसं चालतं ते बघा. मेफेड्रोन मेंदूतली डोपामिन, सेरोटोनिन आणि नॉरअ‍ॅड्रिनॅलिन ही रसायनं एकदम बाहेर ओतायला लावतं. दोन-तीन तासांत असर ओसरतो आणि लगेच पुन्हा घ्यावंसं वाटतं. त्यामुळे एकदा बसलेला माणूस रात्रभर लाईनवर लाईन ओढतो. नाडी आणि रक्तदाब चढतात, ताप वाढतो, जबडा आवळतो, नाकातून रक्त येतं, काहींची बोटं निळसर पडतात. झोप आणि भूक दोन्ही जातात. सलग जागरणांनंतर संशय, भास सुरू होतात. सुमेधाताईंनी लिहिलेलं "ते आलेत" हे त्याचंच रूप आहे.

मग तो आपटतो. मुलं याला क्रॅश म्हणतात. दारू अचानक सोडल्यावर फिट येऊन जीव जाऊ शकतो, तसं इथे सहसा होत नाही. पण मन इतकं खाली जातं की आत्महत्येचे विचार येतात, आणि घरच्यांना तो नुसता आळशीपणाने लोळतोय असं वाटतं. या दिवसांत त्याला झोपू द्या, खायला द्या आणि एकटं सोडू नका. भास असतील तर काही काळ त्यावरची औषधं देतो. बहुतेकांचे भास काही दिवसांत, काही आठवड्यांत जातात. महिन्याच्या वर टिकले तर वेगळा आजार आहे का ते बघावं लागतं. नैराश्य, चिंता, एडीएचडी (लक्ष न टिकण्याचा, अतिचंचलतेचा विकार) हे मुळात असेल तर त्यावर उपचार करतो. म्हणजे औषधं वापरतोच, फक्त ओढ मारणारं औषध नाही.

ओढीचं काम बोलण्यातून आणि सरावातून होतं, ते पुढच्या प्रतिसादात लिहितो. ओपीडीची वेळ झाली.

तात्या_सांगलीकर
डॉक्टर, माहिती चांगली दिलीत. पण शिस्त लागतेच की. माझ्या ओळखीच्या एकाने मुलाला एका केंद्रात टाकलं होतं, तिथे चोप देत. मुलगा सरळ झाला.

वकीलीणबाई
तात्या, इथे मी गप्प बसू शकत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनातून येणारे मानसिक विकारही येतात. म्हणजे त्या मुलाला रुग्णाचे सगळे हक्क आहेत. साखळीने बांधणं बेकायदा आहे, मारहाण बेकायदा आहे. मनाविरुद्ध दाखल करायचं तर त्यालाही ठरलेली वैद्यकीय प्रक्रिया आहे. अशा एका केंद्रातून सुटून आलेला मुलगा माझ्याकडे आला होता. पाठीवर पट्ट्याचे वळ होते आणि घरच्यांनी महिन्याचे पैसे आगाऊ भरले होते. केंद्र बघायला जाल तेव्हा आधी नोंदणीचं प्रमाणपत्र मागा, मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतात ते विचारा आणि मुलाशी एकांतात बोलू देतात का ते बघा. यातल्या एकालाही टाळाटाळ झाली तर उठून या.

नवा_गडी
+१. मारून कोणी क्लीन होत नाही. मी होतो तिथे, मला माहीत आहे. रात्री लिहितो.

पाऊसवेडी
डॉक्टर, किती आभार मानू! बहिणीने तुमचा प्रतिसाद मेहुण्यांना वाचून दाखवला. वकीलीणबाई, एक भीती आहे ती विचारते. दवाखान्यात खरं सांगितलं तर पोलीस केस होईल का? त्यामुळेच सुरुवातीला आम्ही फॅमिली डॉक्टरांना नुसतं "झोप लागत नाही" असं सांगत होतो.

वकीलीणबाई
ही भीती प्रत्येक घरात असते. उपचारासाठी आलेल्या माणसाची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. मेफेड्रोन फेब्रुवारी २०१५ पासून एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आहे. २ ग्रॅमपर्यंत अल्प प्रमाण धरतात, ५० ग्रॅमच्या वर व्यापारी. त्याच कायद्यात ६४अ कलम आहे. व्यसनी माणसावर सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा असेल आणि तो स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. उपचार अर्धवट टाकले तर ते काढूनही घेता येतं. म्हणून पहिल्या दिवसापासूनचे केसपेपर जपून ठेवा.

मुलाला एक गोष्ट ठणकावून सांगा. मित्रांसाठी "फक्त आणून देणं" हे सेवन नाही. पाच जणांनी वर्गणी काढली आणि पुडी एकाच्या खिशात सापडली, की प्रकरण वेगळ्या कलमात जातं.

औषधवाला
माझं मेडिकल स्टोअर आहे. पालक लघवी तपासायची पट्टी मागायला येतात, म्हणून लिहितो. अँफेटामाइनच्या साध्या पट्टीवर मेफेड्रोन बहुधा दिसत नाही. रिपोर्ट निगेटिव्ह आला की आईवडील निर्धास्त होतात, आणि मुलालाही ते चांगलं कळतं. खरी तपासणी मोठ्या प्रयोगशाळेत होते, आणि नेमकं काय शोधायचं ते डॉक्टरांनी लिहून द्यावं लागतं.

दुसरं, परीक्षेच्या हंगामात मुलं झोप घालवणारं मोडाफिनिल मागतात. मिथाइलफेनिडेट आहे का विचारतात. एडीएचडी असलेल्या मुलाला डॉक्टरांच्या देखरेखीखाली हे औषध फार उपयोगी पडतं, त्याबद्दल शंका नाही. पण मित्राची चिठ्ठी घेऊन रात्र जागवायला घेतात ते मला बघवत नाही. मी चिठ्ठीशिवाय देत नाही, त्यावरून भांडणंही होतात.

इतिहासप्रेमी
किंचित अवांतर. रात्र जागवायला गोळ्या हे जुनंच दुखणं आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैनिकांना पर्विटिन नावाने मेथअँफेटामाइन मिळत होतं. जपानमध्ये त्याचंच नाव हिरोपोन. युद्ध संपल्यावर ते सर्रास मिळू लागलं आणि इतकी तरुण मुलं त्यात अडकली की १९५१ मध्ये तिथल्या सरकारला वेगळा कायदा करावा लागला. मेफेड्रोनसुद्धा १९२९ सालीच प्रयोगशाळेत तयार झालेलं आहे. सत्तरेक वर्षं ते कागदावर पडून होतं.

कोकणकन्या
आणि आता आपल्या एमआयडीसीत बनतं. २०२३ मध्ये नाशिकजवळ शिंदे गावात कारखाना सापडला, २०२४ मध्ये कुरकुंभला. बातम्यांत किलो आणि कोटींचे आकडे येतात, पण त्यातला एकेक ग्रॅम कोणाच्या तरी घरात जाणार असतो, याचं फार वाईट वाटतं.

नवा_गडी
रात्री लिहितो म्हणालो होतो.

मी इव्हेंटच्या धंद्यात होतो. लग्नसराईत दोन-दोन दिवस सेटवर उभं राहायचं. एकाने सांगितलं, हे घे, थकवा येणार नाही. खरंच आला नाही. पहिल्या वेळी काय वाटलं ते इथे लिहिणार नाही, कारण असं वर्णन वाचूनच काही मुलं शोधायला निघतात. शेवटी शेवटी काय होतं ते लिहितो. पावडर नाकात गेली की कवटीत गरम सळई घातल्यासारखं व्हायचं, मजा शून्य, आणि तरी पहाटे पाचला सतरंजीवर सांडलेले कण बोटाने टिपत बसलेलो असायचो. मीठ आहे की पावडर हेही कळायचं नाही.

सोडल्यानंतरचं कोणीच सांगत नाही. पहिला आठवडा झोप. दुसऱ्या आठवड्यात वाटतं, अरे, झालं की बरं! आणि मग महिना-दीड महिन्याने सगळं बेचव होतं. क्रिकेट बघून काही वाटत नाही, आईच्या हातची पुरणपोळी खाऊन काही वाटत नाही, भाचीचं बारसं झालं तेव्हा मी कोपऱ्यात दगडासारखा बसून होतो. तेव्हा मनात येतं की आपण कायमचेच असे झालो, मग कशाला क्लीन राहायचं? मी तिथेच घसरलो. पाऊसवेडीताई, तुमच्या भाच्याला हे आत्ताच सांगून ठेवा की असा काळ येतो आणि तो जातो.

मला निवासी उपचारांनी सुरुवात मिळाली आणि एनएच्या (नार्कोटिक्स अनॉनिमस, व्यसनी लोकांनीच एकमेकांना आधार द्यायचा गट) मीटिंगनी टिकवलं. नंबर बदलला, तो धंदा सोडला. पगार अजून बहिणीच्या खात्यात जमा होतो आणि मी तिच्याकडून खर्चाला घेतो. यात मला काही कमीपणा वाटत नाही.

निवांत_डॉक्टर
नवा_गडी, तुम्ही लिहिलंत ते माझ्या प्रत्येक रुग्णाने वाचावं. या बेचव काळाला आधार आहे. मेथअँफेटामाइन सोडलेल्यांच्या मेंदूची छायाचित्रं काढून अभ्यास झालेत. डोपामिनच्या यंत्रणेत सुरुवातीला स्पष्ट घट दिसते, आणि वर्ष-सव्वा वर्ष पूर्ण लांब राहिलेल्यांत ती बरीचशी भरून आलेली दिसते. म्हणून महिनाभर कोंडून काम होत नाही, तात्या. महिन्यात शरीर सावरतं. मेंदूला वर्ष लागतं.

आता ओढीबद्दल. आम्ही रुग्णाबरोबर बसून शोधतो की ओढ नेमकी कधी उठते. पगाराचा दिवस, एका ठरावीक मित्राचा फोन, दोन पेग झाल्यावर, घरात एकटा असताना. एकाला सर्दीचा स्प्रे नाकात मारला तरी उठायची. मग त्या प्रत्येक जागेसाठी आधीच ठरवायचं की तेव्हा काय करायचं, आणि त्याचा सराव करून घ्यायचा. आठवड्यातून दोन-तीन वेळा, कित्येक महिने. ऐकायला साधं वाटतं, करायला जड आहे. दारूही बंद ठेवावी लागते, कारण बहुतेक घसरणी तिथून सुरू होतात. आणि सगळ्यात भक्कम पुरावा ज्या पद्धतीला आहे ती म्हणजे बक्षिसाची. कोणी परदेशात पाहिली असेल तर लिहावं.

सॅनहोजेकर
मी लिहिते. कॅलिफोर्नियात व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक आहे. माणूस आठवड्यातून दोनदा येऊन लघवीचा नमुना देतो. उत्तेजक सापडलं नाही तर त्याच क्षणी छोटं गिफ्ट कार्ड मिळतं. ओळीने क्लीन राहिला की रक्कम वाढत जाते. सापडलं तर ओरडत नाही, फक्त त्या दिवशी कार्ड नाही आणि रक्कम पुन्हा पहिल्या पायरीवर. इथल्या सरकारी आरोग्य योजनेत २०२३ पासून हे सुरू आहे, आणि सुरुवातीला एका माणसाला वर्षभरात ६०० डॉलरच्या आतच देता येत होते. काही ठिकाणी चिठ्ठ्यांचा वाडगा असतो. निम्म्या चिठ्ठ्यांवर फक्त "शाबास" लिहिलेलं असतं, बाकीच्यांवर छोटी छोटी बक्षिसं. शाबासची चिठ्ठी निघाली तरी लोक ती जपून खिशात ठेवतात.

तात्या_सांगलीकर
म्हणजे नशा न करण्याचे पैसे द्यायचे? मग माझा नातू म्हणेल, आजोबा, मीही करत नाही, काढा पैसे!

सॅनहोजेकर
तात्या, नातवाला द्याच, खरं तर! पण मुद्दा खरा आहे, इथेही लोक हेच म्हणतात. लाच म्हणतात, लाड म्हणतात. या मेंदूला "दोन वर्षांनी नोकरी लागेल" हे बक्षीस दिसतच नाही, त्याला आजचं आणि आत्ताचंच कळतं. पावडरही आत्ताच मिळते. म्हणून चांगल्या दिवसाचं फळही आत्ताच हातात पडलं पाहिजे.

सुमेधा_नाशिक
आम्ही दिराच्या बाबतीत डॉक्टरांच्या सल्ल्याने घरगुती प्रकार केला होता. रोख नाही, वस्तू. क्लीन आठवडा गेला की त्याच्या आवडीचं काहीतरी. एकदा बुटांची लेस, एकदा सासऱ्यांबरोबर त्र्यंबकला गाडी त्याने चालवायची. गाडीची किल्ली हातात घेताना त्याचा चेहरा मी विसरणार नाही. पण घरच्यांनी पोलीसही व्हायचं आणि बक्षीसही द्यायचं हे फार ओढाताणीचं होतं. तपासणी दवाखान्यात आणि आनंद घरी, असं वाटून घेतलं तेव्हा जमलं.

तात्या_सांगलीकर
हे मला पटलं. किल्ली देणं म्हणजे विश्वास देणं. लिहीत राहा, वाचतोय.

योगायोग
विपश्यना सुचवू का? इगतपुरीला जाऊन आल्यावर माझी सिगरेट सुटली.

निवांत_डॉक्टर
तुमची सुटली याचा आनंद आहे. पण नुकतीच एमडी सोडलेल्या, विशेषतः भास झालेल्या मुलाला दहा दिवस मौनात बसवू नका. गंभीर मानसिक आजार असलेल्यांना शिबिराला येऊ नका असं तिथलेच लोक सांगतात. वर्षभर स्थिर राहिल्यावर बघता येईल.

आणि एक राहिलं होतं. छातीत दुखणं, खूप ताप, फिट, बेभान होणं यांपैकी काहीही झालं तर १०८ ला फोन करा आणि काय घेतलं ते डॉक्टरांना खरं सांगा. छातीदुखीवरची काही नेहमीची औषधं अशा वेळी जपून वापरावी लागतात, म्हणून लपवाछपवी जिवावर बेतू शकते. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन १४४४६ आहे, मानसिक त्रासासाठी टेलिमानस १४४१६. दोन्ही मोफत.

पाऊसवेडी
इतके दिवस लिहिलं नाही, कारण घरातच धावपळ होती. मेहुण्यांनी गावी न्यायचा विचार सोडलाय. "उपचार म्हणजे काय" हा माझा प्रश्न होता. आता आम्हाला चित्र दिसतंय. दर आठवड्याला समुपदेशन, मूळ नैराश्यावर औषध, तपासणी प्रयोगशाळेतून, आणि निदान वर्षभराची तयारी. भाचा एकदा स्वतःहून म्हणाला, "मावशी, त्या नवा_गडी यांचं मला वाचून दाखव." बेचव वाटतं तो भाग त्याने पुन्हा वाचायला लावला.

एक अडचण आहे. डॉक्टरांनी झोपेसाठी गोळ्या दिल्यात. त्या त्याच्याकडे ठेवाव्यात का? अविश्वास दाखवतोय असं त्याला वाटायला नको. आणि एनएच्या मीटिंगला बहीण सोबत जाऊ शकते का? तो एकटा जायला तयार नाही.

निवांत_डॉक्टर
गोळ्या आईकडे ठेवा, रात्रीची रात्री द्या, आणि कारण त्याला मोकळेपणाने सांगा. मन खाली गेलेलं असताना घरात गोळ्यांची अख्खी पाकिटं हाताशी नसावीत. हा नियम मी प्रत्येक घराला सांगतो, त्यात त्याच्यावर अविश्वास नाही. शिवाय झोपेच्या गोळ्यांचीही सवय लागते, त्यामुळे त्या किती दिवस घ्यायच्या हे तुमच्या डॉक्टरांना आजच विचारून ठेवा.

नवा_गडी
मीटिंग दोन प्रकारच्या असतात. बंद मीटिंग फक्त व्यसनी लोकांसाठी, खुल्या मीटिंगला घरचेही बसू शकतात. पहिल्यांदा खुल्या मीटिंगलाच आणा. त्याला बोलावं लागणार नाही, फक्त नाव सांगितलं तरी चालतं, तेही नको असेल तर नुसतं ऐकायचं. पैसे लागत नाहीत. ताई, पुण्यातल्या खुल्या मीटिंगचा वार आणि पत्ता तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. मी असतोच तिथे, येण्याआधी एक मेसेज टाका म्हणजे खाली घ्यायला येतो.